सर्वांत जास्त गुण मिळालेली गिरणी

एक छोटीशी गिरणी विकत घ्यायला नचिकेत आणि केदार या दोन इंजिनिअरांना तीन आठवडे लागले, आणि तीनही आठवडे उल्हासराव मनातल्या मनात कपाळाला हात लावून बसले होते.

उल्हासराव मुंबईच्या एका बँकेच्या टोकियो शाखेतले मोठे साहेब. चार वर्षांची बदली संपवून महिनाअखेरीला परत निघालेले. त्यांच्या निरोपासाठी घरीच बिअर करायची, हे खूळ निशी-कसाईत त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या नचिकेतचं. इथल्या कायद्यानं घरी करायची ती एक टक्क्याच्या आतली. म्हणजे चढणार काही नाही, नुसतं पोट फुगणार. खाली कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, शंभर तऱ्हेची गार बिअर मिळत असताना हा उपद्व्याप! पण आपल्यासाठी चाललाय म्हटल्यावर बोलणार काय?

बिअरला लागतं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते घरी फोडायला गिरणी हवी आणि ती स्वस्त हवी. झालं, एक्सेल उघडली गेली. अकरा गिरण्या, चौदा रकाने. किंमत, वजन, रिव्ह्यू, आणि खालच्या मजल्यावरच्या मोरितासानना आवाज जाईल का, याचाही एक रकाना. दोन रुळांची खरी माल्टची गिरणी होती, ती महाग म्हणून बाद. हातानं फिरवायची साधी गिरणी सर्वांत स्वस्त, पण 'मॅन्युअल' म्हणून तिला चार गुण. नऊ पूर्णांक दोन गुण मिळवून पहिली आली ती विजेवर गरगर फिरणाऱ्या पात्यांची, चकचकीत स्टीलची.

खोक्यातून ती बाहेर निघाली तेव्हाच उल्हासरावांनी आतली पाती बघितली आणि ओळखलं, ही बया दाणा फोडणार नाही, त्याचा धुरळा करणार. जवाचा दाणा नुसता भरडायचा असतो. टरफल शाबूत राहिलं तर त्याचीच चाळणी होते आणि पाणी खाली गळतं. हे नचिकेतनंच त्यांना तीनदा समजावलं होतं, स्लाइड दाखवून. एवढं पाठ असून गाढवाला पात्यांकडे बघता येऊ नये?

सांगता आलं असतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, तुम्हाला कसं कळतं हो यातलं? त्या एका प्रश्नाची साहेबांना धास्ती. डोंबिवलीला त्यांच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. दहावीपर्यंत उल्हासनं तिथे लोकांचे डबे वजन केले, दळणं काढली, आणि शाळेत जाताना भुवयांवरचं पीठ पुसलं. कारण एकदा ते राहिलं होतं, आणि अख्ख्या वर्गानं त्याला वर्षभर 'गिरणीवाला' म्हणून छळलं होतं. नोकरी लागल्यापासून 'वडिलांचा धान्याचा व्यवसाय होता' असं ते सांगत आले. बँकेत तेच, सासुरवाडीतही तेच. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बिअरपायी ते सोडायचं?

रविवारी सकाळी नचिकेतच्या स्वयंपाकघरात यंत्र तीस सेकंद किंचाळलं.

"काका, फाइननेस बघा! एकदम टाल्कम पावडर," केदार खूश.

पावडर गरम पाण्यात पडली. तासाभरानं भांड्याच्या तळाची तोटी उघडली तर थेंब येईना. नचिकेतनं डाव घालून ढवळलं, केदारनं भांडं हलवलं. दोन सॉफ्टवेअरवाल्यांनी मिळून जवाची पेज केली होती, आणि तीही धड खाता येणार नाही अशी.

"सॉरी काका, रूट कॉज शोधावा लागेल," नचिकेत म्हणाला. "निरोपाला सरळ कॅन आणू."

उल्हासरावांना मनापासून तेच हवं होतं. पण पिशवीत अजून किलोभर जव शिल्लक होते, केदार ते पुन्हा त्याच यंत्रात ओतायला निघाला, आणि चांगल्या धान्याची अशी माती झालेली त्यांना बघवेना.

"थांब रे!" ते ओरडलेच. "नेत्रा, ती फळीवरची खाली दे."

फळीवर नचिकेतच्या बायकोची, नेत्राची, हातगिरणी होती. थालीपिठाच्या भाजणीसाठी पुण्याहून आणलेली. तीन आठवडे ही मंडळी तिच्याच खाली बसून एक्सेल भरत होती.

उल्हासरावांनी बाह्या सारल्या. स्क्रू दोन आटे सैल केला. मूठभर जव टाकून दांडा फिरवला आणि ती भरड बाजूला काढून टाकली, आधीच्या भाजणीचा वास पुढच्या धान्याला लागू नये म्हणून. मग चिमूट घेऊन अंगठ्यावर चोळली, स्क्रू आणखी अर्धा आटा सोडला आणि कान देऊन दळू लागले. दाणे फुटत होते, टरफलं अख्खी पडत होती. किलोभर जव कधी संपले ते त्यांनाही कळलं नाही. कित्येक वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

या खेपेला तोटी उघडली तशी सोनेरी धार लागली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"काका," नेत्रा म्हणाली, "पुण्याला आमच्या कोपऱ्यावरचे गिरणीवाले काका अशीच पहिली मूठ बाजूला काढायचे. फार मायाळू होते. तुम्ही कुठे शिकलात हे?"

तिच्या आवाजात थट्टा नव्हती. सांगायला याहून सोपी जागा त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती.

"यूट्यूबवर," उल्हासराव म्हणाले.

"हां, मग ठीक," केदार म्हणाला. "मला क्षणभर वाटलं, आमचे बँकवाले साहेब मूळचे गिरणीवालेच की काय!"

सगळे हसले. उल्हासराव सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांनी मनगटानं आधी डावी भुवई पुसली, मग उजवी.