हळदीच्या दिवशी आटलेला कोट

हळदीच्या दिवशी नवरीनं घराबाहेर पाऊल टाकू नये म्हणतात. म्हणोत बापडे! शरयूनं स्कूटी काढली अन् गढ्यातल्या माहेराहून थेट चेरीतालला नवरदेवाचं, श्रीरंगचं घर गाठलं. आई मागून ओरडत राहिली, पण शरयू ऐकते कुणाचं!

करणार तरी काय? आधी नवरदेवाला हळद लागते, मग त्याची उष्टी हळद नवरीकडे येते, अशी रीत. घर पाहुण्यांनी भरलेलं, ढोलकी तयार, अन् दुपार टळली तरी हळदीचा पत्ता नाही! शेवटी होणाऱ्या नणंदेचा, प्रतिमाचा फोन आला. "वहिनी, भैया दरवाजा ही नहीं खोल रहे! हळदीला शर्ट काढणार नाही म्हणून राहिले!"

मांडवात नवरीला पाहून श्रीरंगची आत्या सत्यभामा किंचाळलीच. "अगं माय! हे काय आक्रीत!"

"हळद न्यायला आली, आत्या," म्हणत शरयूनं दार ठोठावलं. "श्रीरंग, मी आहे. उघड!"

कडी निघाली. मे महिन्याच्या उकाड्यात हा पठ्ठ्या एकावर एक तीन शर्ट घालून बसलेला! विजय नगरच्या जिममधला नावाजलेला गडी, खांदे असे की दारातून आडवं व्हावं लागावं. टेबलावर सुई अन् औषधाच्या दोन बाटल्या.

"हे काय?"

"अंग भरायचं. स्टेरॉइड. आज एक जास्तीचं घेतो."

"काहून?"

"दिसत नाही का तुला? काडी झालो मी, काडी! उघड्या अंगाचे फोटो निघतील, लोक हसतील."

शरयूला फसकन हसू आलं. थट्टा करून राहिला, वाटलं. पण त्याचे डोळे भरलेले पाहिले अन् ती हसायची थांबली.

भिंतीवर लग्नाचा कोट टांगलेला होता. तिच्या माहेरचा आहेर, दिवाळीत श्रीरंगचं माप घेऊन शिवलेला. तिनं तो काढला. "घाल."

त्यानं तिन्ही शर्ट उतरवले. पाठभर लालभडक पुटकुळ्या. कोटाची बाही कोपराच्या वर सरकेचना. जोर लावला तशी शिवण टरकली.

"आटला कोट," तो म्हणाला. अगदी मनापासून!

"न धुताच?"

श्रीरंगनं बाहीकडे पाहिलं, आरशात पाहिलं. "मग मला काहून दिसत नाही, शरयू?"

शरयूला आता उमगलं. नखरा नव्हता हा, दुखणं होतं. अन् ती वेडी इतके दिवस त्याला दिखाऊ म्हणून चिडवत होती!

"दिसत नाही, म्हणूनच डॉक्टरकडे चल. आत्ता! छाती बघ कशी धडधडून राहिली."

"हे सोडलं तर बारीक होईन."

"हो ना बारीक! मी काय तुझं वजन पाहून हो म्हटलं होतं? पण हे सोडणार नसशील, तर लग्न नाही. सांगून ठेवते."

त्यानं आरशाकडे पाठ केली. मग दोन्ही बाटल्या त्यानं स्वतःच तिच्या हातात दिल्या अन् उघड्या अंगानंच मांडवात आला.

शरयूनं ताटातली हळद आधी आपल्या गालाला फासली, अन् तीच पुसून त्याच्या कपाळाला लावली.

"रीत उलटी झाली!" आत्या ओरडली.

"होऊ द्या जी, चलो!" म्हणत शरयूनं त्याला मागं बसवलं.

स्कूटी सुटली. वाजंत्र्यांना वाटलं वरातच निघाली, त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. त्या गोंगाटात मागून श्रीरंगनं विचारलं, "खरंच नाही ना मी बारीक?"

"नाही."

दवाखान्याच्या पायरीवर त्यानं पुन्हा तेच विचारलं. शरयूनं पुन्हा सांगितलं अन् त्याचा हात धरून दार ढकललं.