रोझिनाच्या चुलीपुढचा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, ओकच्या लाकडाचा. जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या एका गावात, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनाघरात कोपऱ्यात असतो. एक पाय डुगडुगायचा, पण ताठा गेलेला नाही माझा.

रोझिना नावाच्या विधवेने मला तिच्या स्वयंपाकघरासाठी करून घेतलं. तेव्हा हा पंथ इथे नवा होता, घरात जमून प्रार्थना केलेली सरकारला आणि मोठ्या चर्चला खपत नसे. प्रवचनकार कधीमधी यायचा, पोटभर जेवायचा, जायचा. एरवीचे रविवार कोणी सांभाळले? रोझिनाने! शेजाऱ्यांना माझ्यावर दाटीवाटीने बसवायची आणि स्वतः चुलीपाशी उभी राहून, पातेलं ढवळत प्रार्थना सांगायची. शिपाई डोकावला तर त्याला काय दिसणार? बाई सूप करतेय, लोक भुकेले बसलेत. चुलीकडचं टोक सगळे तिच्यासाठी सोडायचे. ती कधी बसलीच नाही. एवढ्या जणांचं ओझं वाहिलं मी, तिचं तेवढं राहून गेलं.

पुढे हे प्रार्थनाघर झालं. भिंतीवर तसबीर लागली, ती प्रवचनकाराची.

परवा गाड्यांच्या कारखान्यातल्या मराठी मंडळींनी जेवणासाठी प्रार्थनाघराचा हॉल घेतला होता. ऊर्मिलाच्या सासूबाई शोभनाताई मसालेभात ढवळत उभ्या.

"आई, बसा ना आता."

"आधी सगळ्यांची पानं होऊ देत. आणि मीठ विसरलीस तू, निस्तरतेय मी. बसू कशी?"

माझ्या लाकडात कळ उठली. अशीच उभी असायची ती!

सगळे जेवल्यावर त्या ताट घेऊन माझ्यावर टेकल्या. मी जीव खाऊन पाय सावरला.

"कुणाचा गं हा बाक?"

ऊर्मिलाने हॉल सांभाळणाऱ्या वेबरबाईंना जर्मनमध्ये विचारलं. "इथल्या पहिल्या प्रार्थनांचा आहे म्हणे, आई. ते तसबिरीतले सांगायचे. पण मोडलाय, सोमवारी जुन्या सामानाच्या गाडीत टाकणार."

"आणि रांधायचं कोण? इतकी माणसं जमायची, म्हणजे चूल कुणाची तरी असेलच ना? तिची तसबीर कुठाय? विचार, विचार."

ऊर्मिलाने विचारलं. वेबरबाईंनी नकारार्थी मान हलवली. ठाऊक नव्हतं.

"मग ठाऊक होईपर्यंत टाकायचा नाही म्हणावं. फळी कशी दगडासारखी आहे! पाय ठोकून घ्या."

सोमवारी गाडी आली आणि मला न घेताच गेली. पायाला आता पाचर आहे.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं, तर तेव्हाच तिचं नाव सांगितलं असतं. आता तुम्हाला सांगितलंय, तुम्ही तरी विसरू नका. चार माणसं जमली की उभं कोण आहे ते आधी बघा आणि तिला बसवा. चुलीकडचं टोक मी अजून रोझिनासाठीच धरून आहे.