कोरी सरावपुस्तिका

आत्याबाई पुस्तकांच्या दुकानात शिरल्या की दुकानदार आपणहून स्टुलावरून उठत असे. छापखान्यात एकतीस वर्षे प्रुफे तपासलेल्या या बाईंच्या नजरेतून टिंबदेखील निसटत नाही, असा त्यांचा लौकिक होता. आणि तो जपण्यात त्यांनी कधी कसूर केली नव्हती.

"पाचवीच्या गणिताची सरावपुस्तिका दाखवा. चांगली जाडजूड."

"भाचीसाठी ना? रागावू नका, पण आधी तिसरीची नेऊन पाहा. पाया जरा..."

"पाया आमचा आम्ही पाहू. तुम्ही दुकान पाहा."

परीक्षा सोमवारी होती. मुलगी पाचवीत दुसऱ्यांदा बसली होती. यंदाही जमले नाही तर नाव काढून टाकू, असे मुख्याध्यापिकेने स्वच्छ सांगितले होते. तरी आत्याबाई निर्धास्त होत्या. शेजारच्या मुलीच्या तीन जुन्या पुस्तिका त्यांनी मागून आणल्या होत्या, पान अन् पान स्वतः खोडरबराने पुसले होते, शेवटची उत्तरांची पाने फाडून कपाटात कुलूपबंद केली होती. भाचीने तिन्ही बिनचूक सोडवल्या. "माझ्या हाताखाली दगडालाही अक्कल येते," असे त्यांनी भावाला दोनदा तरी ऐकवले होते.

घरी आल्यावर भाचीने नवी पुस्तिका उघडली, खिडकीकडे तिरकी धरली, मग पहिल्या गणिताखालच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवले. पान उलटले. पुन्हा बोट.

"काय चाचपते आहेस?"

"यात काही नाहीये, आत्या."

"काय असायला हवं होतं?"

मुलगी गोंधळली. "त्या पुस्तकांत असायचं ना. तिरकं धरलं की दिसायचं. ती ताई पेन्सिल खूप दाबून लिहायची." मग म्हणाली, "मला वाटलं, तसंच करायचं असतं. तुम्ही शाब्बास म्हणायचात."

आत्याबाईंनी चष्मा लावला आणि जुनी पुस्तिका उजेडात तिरकी धरली. पुसलेला एकेक आकडा कागदात जसाच्या तसा कोरलेला होता.

"सत्तेचाळीसातून एकोणीस गेले, तर उरले किती?"

मुलीने बोटे मोजली. ती संपली, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"चाळीस?"

शनिवारी सकाळी आत्याबाई पुन्हा दुकानात उभ्या राहिल्या. "तिसरीची द्या," त्या म्हणाल्या, आणि दुकानदार फळीकडे वळला, तेव्हा त्याच्या पाठीला उद्देशून, "दुसरीचीही बांधा."

दुपारी दुसरीच्या पुस्तिकेतले रंगीत फुगे पाहून मुलगी हरखली.

"सोमवारी हे येणार, आत्या?"

"नाही."

"मग कशाला करायचं?"

आत्याबाईंनी पेन्सिलीला टोक काढून ती तिच्या हातात दिली.

"मांड."

मुलीने मान डोलावली, आणि सवयीने पान खिडकीकडे तिरके धरले.