गुळाचे खडे

मनकर्णाबाईंच्या घरात पहिली मुंगी आली त्या दिवशी मी इतक्या मोठ्यानं ओरडले, की हातातलं तांदळाचं सूप तिथंच उलटं झालं.

"आल्या वं, आल्या! प्रमिला, पाह्य, चुलीच्या मागून आल्या!"

प्रमिला पोट सावरत धावत आली. मनकर्णाबाई देवघरातून उठून आल्या, वाकून त्या काळ्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तानाबाई, माह्या घरात मुंग्या लागल्या म्हणून तू आता पेढे वाटतं का?"

"वाटीन," मी म्हणाले. आणि खरंच वाटले.

नालवाडीत आमच्या दोन घरांत एकच भिंत. पलीकडे काय शिजतं, कोण रडतं, कोण पाहुणा आला, हे मला कळतंच. कोणी त्याला भोचकपणा म्हणावं, मी शेजार म्हणते. म्हणूनच मनकर्णाबाईंच्या सुनेचं, प्रमिलाचं, पहिलं पोर पाचव्या महिन्यात गेलं आणि दुसरं आठच दिवस पाळण्यात राहिलं, हे मी भिंतीला कान लावून नाही, तर तिच्या उशाशी बसून पाहिलं होतं. एक्याऐंशी सालच्या गुढीपाडव्याला तिला तिसऱ्यांदा पाचवा महिना लागला. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता तिच्या पदराचा वास घेतला आणि विचारलं, "झोपता कुठं?" झोपत होती ती मागच्या खोलीत, आणि तिच्या खाटेखाली तिच्या नवऱ्याचा, बबनचा, फवारणीचा पंप होता आणि कपाशीवर मारायच्या औषधाचे उरलेले डबे होते. "घरातलं असलं सगळं बाहेर जाऊ द्या," एवढंच बाई बोलल्या. सोबत मीच गेले होते. परत येताना रिक्षातच मी ठरवून टाकलं, की हे पोर आता माझ्या जिम्म्यावर.

दुसऱ्या दिवशी पदर खोचून मी त्यांच्या घरात शिरले. बबननं पंप आणि डबे बैलबंडीत घालून शेतातल्या कोठ्यात नेले आणि कुलूप घातलं. फवारणीचे कपडे तिकडेच बदलायचे, वेगळे धुवायचे, हे त्याच्याकडून कबूल करून घेतलं. डाळीला कीड लागू नये म्हणून पांढरी पावडर चोळली होती, ती डाळ टाकून दिली आणि नव्या डाळीत कडुलिंबाचा वाळला पाला घातला. पेटीतल्या लुगड्यांमधल्या डांबरगोळ्या एकेक करून मी वेचल्या. मागच्या खोलीला लग्नाच्या वेळी हिरवा ऑइलपेंट दिला होता आणि त्या रंगानं खिडकीच चिकटून बसली होती. बबननं सब्बल घालून ती उघडली तेव्हा चार वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत वारा शिरला. भिंती खरवडून चुना दिला. आणि मग मी साखरेचा डबा उचलला.

"हा औषधाचाच डबा होय ना?"

"राखेनं तीनदा घासला म्या," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पत्रा पाह्य ना कसा मजबूत आहे."

"अवं, मग त्या दोन पोरांच्या वेळीही यातलीच साखर..."

बोलून गेले आणि जीभ चावली. मनकर्णाबाईंनी माझ्या हातातून डबा घेतला, अंगणात जाऊन साखर उकिरड्यावर ओतली, आणि बराच वेळ तो रिकामा डबा हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या.

घर स्वच्छ झालं, पण स्वच्छ झालं हे कळावं कसं? वासाचं मोजमाप डॉक्टरीणबाईंकडेही नव्हतं. तेव्हा मला गुळाची युक्ती सुचली. प्रत्येक खोलीत कोपऱ्यात गुळाचा एक खडा ठेवायचा. जिथं मुंगी येईल ती खोली जिवाला मानवली. पहिले पंधरा दिवस एकही खडा हलला नाही. मग स्वयंपाकघरात मुंग्या आल्या, वैशाखात ओसरीवर आल्या, आणि ज्येष्ठातल्या एका सकाळी मागच्या खोलीतला खडा काळ्या मुंग्यांनी असा झाकून गेला की गूळ दिसेना. प्रमिला हसता हसता रडायला लागली. श्रावणात तिथंच, त्या उघड्या खिडकीखाली, तिला मुलगी झाली. आठवा दिवस गेला, नववा गेला, बारावा आला. पोरगी रडायची काय, वेशीपल्याड ऐकू जावं अशी! मला तर तेही गाणंच वाटायचं.

बारशानंतरच्या एका दुपारी मी पाळण्याची दोरी धरून जमिनीवर बसले होते. प्रमिला नहाणीत होती. बारशाच्या घुगऱ्यांतले सांडलेले दाणे न्यायला मुंग्यांची रांग उंबऱ्यावरून येत होती, आणि मी कौतुकानं तिच्याकडे पाहत होते. रांग सरळ माझ्याकडे आली. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली, वळली, आणि माझ्याभोवती मोठा वळसा घालून पलीकडे पुन्हा सरळ झाली.

मी जागा बदलली. थोड्या वेळानं रांगही बदलली.

मला हसू आलं. लुगड्यावर घासलेट सांडलं असेल म्हणून घरी जाऊन शिकेकाईनं न्हाले, धुतलेलं लुगडं नेसले आणि परत जाऊन बसले. वळसा तेवढाच राहिला. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. तिसऱ्या दिवशी मात्र तो दीड हाताचा वाटला.

त्या संध्याकाळी मी माझ्या स्वतःच्या घरात गुळाचा खडा ठेवला.

आमचे हे अकरा वर्षं लोकांच्या कपाशीवर फवारणी करत हिंडले. त्यांचे कपडे मी या दोन हातांनी धुतले, त्याच हातांनी भाकरी थापली, आणि त्यांना जाऊनही आता सहा वर्षं झाली. माझ्या पोटी काही टिकलं नाही, पण घर मी आरशासारखं ठेवलं. माझ्या साखरेच्या डब्याला कधी झाकण लागलं नाही. मुंगी औषधालासुद्धा सापडायची नाही. बायका म्हणायच्या, तानाबाईसारखी टापटीप कोणाची नाही, आणि मला ते खरंच वाटायचं. गुळाचा खडा आठ दिवसांत पाघळला, पसरला, त्याच्यावर धूळ बसली. त्याच्याकडे कोणी आलं नाही.

मी पलीकडे जाणं बंद केलं. भिंतीतून रडणं ऐकू आलं की उठून उभी राहायची आणि पुन्हा बसायची. पंधरा दिवस असे काढले. सोळाव्या दिवशी प्रमिलाच दारात उभी, काखेत पोरगी.

"काकू, तुम्ही काऊन येत नाई? माह्यं काही चुकलं का?"

"नाई वं. अंगात कसकस आहे."

"मले खोटं नोका सांगू. चाला बरं," म्हणत तिनं माझा हात धरून नेलंच. मागच्या खोलीत मला बसवलं आणि मी नाही नाही म्हणत असताना पोरगी माझ्या मांडीवर टाकली. रात्रभराची किरकिर चालली होती म्हणे. माझ्या मांडीवर येताच ती गप्प झाली. डोळे उघडे ठेवून, मुठी सोडून, ती शांत पडून राहिली.

"पाहा सासूबाई!" प्रमिला आनंदानं ओरडली. "काकूनं घेतलं आन् कशी चिडीचूप झाली!"

मनकर्णाबाई दारात आल्या, पोरीकडे पाहून हसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हिच्याचनं जगली ना माय ती," त्या म्हणाल्या. "रोज येत जाजो, तानाबाई. रोज."

मी मान हलवली. किती वेळ बसले कोण जाणे. पोरीची ऊब मांडीत उतरत होती आणि मला उठवत नव्हतं. शेवटी प्रमिलानं तिला अलगद उचललं, पाळण्यात ठेवलं आणि हलकेच झोका दिला. आढ्यावरून पाळण्याच्या दोरीनं काळ्या मुंग्यांची एक रांग दुधाच्या वासाला रोजच खाली उतरायची. प्रमिला ती हसत हसत फडक्यानं झाडायची. आज तिनं फडकं घेतलं आणि तशीच थांबली.

"आज किती शहाण्या झाल्या, काकू," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. दोरीवरची सगळी रांग आढ्याकडे परत चालली होती.