मेक्सिकोची टोपी

बँडवाल्याला पोरगी द्यायची न्हाई म्हंजी न्हाई, हे मी आमच्या बायकूला, सारजीला, शंभरदा सांगितलं हुतं. भाजे गावचा गेणू पोरगा वाईट न्हवता. वरातीत ट्रम्पेट वाजवायचा, आन् लय झ्याक वाजवायचा. आमच्या पोरीचं, येसूचं, त्याच्यावर मन बसलंय, हे मला आंधळ्यालाबी दिसत हुतं. पण बँडवाला म्हंजी मांडवाच्या भाईर उभा. वऱ्हाड जेवून उठलं, की मग उरलंसुरलं त्याच्या पानात. माझ्या जावयानं असं मागच्या दारी बसून खायाचं? मला न्हाई चालणार.

कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या पुढल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी लोणावळ्यात तुंगार्लीच्या अंगाला एका पारशीण बाईच्या बंगल्यावर वाचमन हुतो, सारजी तितंच भांडी घासायची. मेमसाबच्या लेकाचा वाढदिवस आला आन् मुंबैहून केसाळ पोरांचा एक बँड आला. चार गिटार-डरमवाले, एक ट्रम्पेटवाला. म्हनं मेक्सिकोची गाणी वाजवणार. मेक्सिको कुटं, तर अमेरिकेच्या खालच्या अंगाला. तिकडं म्हनं वाजवणाऱ्यानं डोक्यावर सुपाएवढी टोपी घालायची. तसल्या टोप्या ट्रंक भरून आणल्या हुत्या.

सकाळी पोरं भाज्याची लेणी बघाया गेली. तितं कातळाला आग्या मोहोळ लोंबतंय, हे शेंबडं पोरगंबी सांगंल. ह्यांच्या ट्रम्पेटवाल्यानं बरोबर त्याच्याच खाली उभं ऱ्हाऊन शिगरेट पेटवली. दुपारी आला तवा ओठाचं वांगं झालेलं. फुंकणं ऱ्हायलं, त्याला धड पाणी पिता येईना.

मेमसाब डोकं धरून बसली. "श्रीपती, हितं कोन ट्रम्पेटवाला मिळेल काय?"

"न्हाई जी," मी म्हनलं.

"हाय की," सारजी भांड्यावरनं बोलली. "भाज्याचा गेणू. ह्यांच्या चांगल्या वळखीचा हाय."

तिच्याकडं असं बघितलं की दुसरी असती तर मुकाट बसली असती. ही राख घेऊन पातेलं घासत बसली. आन् मेमसाबनं गेणूला आणाया सायकल दिऊन धाडलं ते मलाच.

गेणूनं गाणी दोनदा ऐकली आन् धरली. मधीच वरातीची लकेर मारायचा. पोरं हसायची, पण त्याला थांबवत न्हवती. मलाबी बरं वाटत हुतं, पण तोंड वाकडंच ठेवलं.

दिवस कलला तवा बागेत पाव्हणे जमले. कुंपणाच्या भाईर आमची अख्खी वाडी गोळा झालेली. मेमसाब मला म्हनली, "श्रीपती, तू बुजुर्ग आदमी. सबको टोपी तू पहना." मी चौघांच्या डोक्यावर टोप्या ठेवल्या. पाचवा गेणू. मी टोपी त्याच्या हातात कोंबाया लागलो.

"हाथ में नहीं," मेमसाब वरडली, "सर पर!"

ठेवली बाबा. तसा तो वाकला आन् दोन्ही हातांनी माझ्या पाया पडला.

आता आमच्याकडं पोरीच्या बापानं चारचौघांत पोराच्या डोक्यावर टोपी ठेवली, म्हंजी सोयरीक जमली. त्याला कागद लागत न्हाई, भटजी लागत न्हाई. कुंपणावरनं म्हातारी नंदाबाई म्हनली, "ठरलं गं बाई येसूचं." येसू तिच्या पाठीमागं लपली. आन् सारजीच्या पदराला साखर बांधलेलीच हुती, ती लागली वाटाया.

मी धावत कुंपणाशी गेलो. "आगं, ती मेक्सिकोची टोपी हाय. खेळातली."

"टोपी ती टोपी," नंदाबाई म्हनली. "आन् एवढी मोठी दिऊन आता मागं घेतूस व्हय?"

वाडी फिदीफिदी हसली. तिकडं बँड सुरू झाला. पाव्हणे नाचाया लागले, मेमसाब साखर खाऊन नाचाया लागली, आन् मी फाटकाशी जाऊन उभा ऱ्हायलो. ह्या बाईला उद्या माहेरी धाडतो, असं ठरवून टाकलं.

खेळ संपला. पाव्हण्यांची जेवणं झाली, मागनं बँडच्या पोरांची पानं आत टेबलावर मांडली. मी सवयीनं माझं ताट घेऊन मागच्या पायरीवर बसलो. बघतो तर गेणू ताट घेऊन येतोय. टोपी डोक्यावर तशीच.

"तुला आत बोलावलं न्हाई?" मला राग आला, आन् तो मेमसाबचा आला.

"बोलावलं की. पोरं हाताला धरून वढत हुती. म्हनलं, आबा कुटं बसत्यात?"

"मी हितंच बसतो. रोजच. समद्यांचं झाल्यावर."

बोलून गेलो, आन् घास तोंडातच ऱ्हायला. किती वर्सं मी त्या पायरीवर जेवत हुतो. तरी सारजीच्या बापानं मला पोरगी दिलीच हुती की.  गेणूची टोपी भिताडाला लागत हुती म्हणून तो जरा सरकून बसला.

"लग्नात ट्रम्पेटला हात लावायचा न्हाई," मी म्हनलं. "पाटावर बसायचं. पैल्या पंगतीला जेवायचं."

"आन् तुमी?"

"मी पोरीचा बाप. मी शेवटी."

"मग आपण दोगंबी शेवटी," म्हनला, आन् त्याच्यातली अर्धी पोळी माझ्या ताटात टाकली.