वाढवलेला वेग

कीलीने संगणकाची बाजूची काच उतरवली, रॅमची एक पट्टी उपसून टेबलावर ठेवली आणि मेमरीची चाचणी पुन्हा सुरू केली. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलची दुपार अशी तापली होती की पंख्याचा वाराही गरम लागत होता. थोड्याच वेळात पडद्यावर लाल ओळ उमटली. मग आणखी एक.

तिने पट्ट्यांची अदलाबदल करून पाहिली, खाचा बदलून पाहिल्या. चुका येतच राहिल्या. गेम आणखी झरझर चालावा म्हणून ख्रिसमसच्या सुट्टीत तिनेच रॅमचा वेग मर्यादेबाहेर नेला होता. तेव्हापासून गेम मध्येच कोसळायचा. ती चिडायची आणि पुन्हा सुरू करायची.

आता बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन तिने वेग मूळ आकड्यावर आणला. चाचणी स्वच्छ पार पडली. ती खुर्चीत मागे टेकली आणि तशीच ताठ झाली.

आईचे व्हिडिओ.

आई, नोलीन, वारल्यानंतर ते जुन्या डिस्कवर पडून होते. डिस्क कुरकुरू लागली म्हणून कीलीने ते याच संगणकात उतरवून घेतले होते, वेग वाढवल्यानंतर. जुनी डिस्क फेकून दिली होती. डळमळत्या रॅममधून जाणाऱ्या फायली गुपचूप नासतात, हे तिला माहीत होतं. त्या वेळी सुचलं नाही इतकंच.

फोल्डर समोर होतं. माउसवरचं बोट खाली जात नव्हतं.

शेवटी ती उठली. तिचा बाबा, मर्व्ह, स्वयंपाकघरात कोळंबी सोलत होता. दारातच उभी राहून, त्याच्याकडे न बघता, तिने सगळं सांगून टाकलं. मर्व्हने हात धुतले, पुसले आणि आत येऊन तिच्या पलंगाच्या कडेवर बसला.

"लाव."

"बाबा, गेले असतील तर?"

"लाव गं. मी अजून एकही पाहिला नाहीये. धीरच झाला नाही."

पहिला व्हिडिओ उघडला. समुद्रकिनाऱ्यावर नोलीन पाठमोरी उभी होती. ती वळली, हसली, बोलायला तिने तोंड उघडलं आणि चित्र हिरव्या चौकोनांत फुटलं. आवाज खरखरून बंद पडला. दुसरा उघडलाच नाही. तिसरा नीट चालला, पण त्यात नुसता कुत्रा होता.

कीलीने तोंडावर हात दाबून धरला.

"पाण्यात ये रे म्हाताऱ्या, म्हणाली ती तिथे," मर्व्ह म्हणाला. "मला हाक मारत होती."

त्या दिवशी कॅमेरा कीलीच्या हातात होता. मर्व्ह लांब झाडाखाली झोपला होता. नोलीन लेकीकडे वळून हळूच म्हणाली होती, 'बाबाला सांगू नकोस, पण मी आता फार दिवसांची नाही.'

कीलीने तोंडावरचा हात काढला.

"हो," ती म्हणाली. "असंच म्हणाली."