बंबवाल्यांच्या अंगणातला सौदा

वहिनी पडदे आणि पिशव्या शिवायची. वाद्यांशी तिचा संबंध आला तो अस्तरामुळे. एका म्हाताऱ्या बाईंनी जुन्या अकॉर्डियनची पेटी आतून मखमल लावायला आणून दिली आणि काम झाल्यावर म्हणाल्या, "वाद्यही तूच ठेव. आमच्याकडे आता कोण वाजवतंय?" भात्याच्या कोपऱ्यांचं चामडं उसवलं होतं. उसवलेलं शिवणं हे तर तिचं रोजचंच. तिनं ते नीट केलं, विकलं आणि तिला गोडी लागली. मग कुणाच्या माळ्यावरची गिटार, कुणाच्या पलंगाखालचं क्लॅरिनेट असं काहीबाही येत राहिलं. घरखर्चाला चांगला हातभार लागू लागला.

विक्रीचं खातं मात्र तिच्या नणंदेकडे होतं. वन्सं तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि निवृत्तीनंतर भावाकडे राहायला आल्या होत्या. "माणूस नुसतं हॅलो म्हणाला ना, की त्याच्या पोटात काय आहे ते मला कळतं," असं त्या म्हणत, आणि ते बरंचसं खरंही होतं. त्यांनी वहिनीला सक्त ताकीद दिली होती. घरचा पत्ता कुणाला द्यायचा नाही. जायचं तर दोघींनी मिळून. वाद्यात काय खोट आहे ते विचारायच्या आधी सांगायचं. आणि पैसे बँकेत पोचलेले डोळ्यांनी बघितल्याशिवाय वाद्य सोडायचं नाही.

गेल्याच महिन्यात एका मधाळ आवाजाच्या माणसानं पैसे भरल्याचा फोटो पाठवला होता. "ताई, चुकून जास्त गेले हो, वरचे तेवढे परत करा." वहिनी बिचारी परत करायलाच निघाली होती. वन्संनी आधी खातं उघडलं. त्यात छदामही आला नव्हता.

"फोटोतल्या पाण्यानं तहान भागते का, वहिनी?" त्या म्हणाल्या.

गिऱ्हाइकांना भेटायची जागाही त्यांनीच शोधली होती. अग्निशमन केंद्रातल्या जवानांचे गणवेश वहिनी दुरुस्त करायची. त्या ओळखीवर त्यांच्या प्रमुखानं शनिवारी सकाळी अंगणात भिंतीकडेच्या दोन खुर्च्या देऊ केल्या. आजूबाजूला दहा धट्टीकट्टी माणसं, शेजारी लाल बंब. चोराची काय टाप!

यावेळी विकायला होता एक निळा अकॉर्डियन. त्याची जाहिरात बघून एका माणसाचे मेसेज येत होते, आणि ते वाचून वन्संच्या कपाळावरची आठी काही जाईना.

"फोन केला तर उचलत नाही. लिहितो काय, तर 'फोन नको, मेसेज करा.' वर विचारतो, 'तिथे गर्दी असते का?' गर्दीशी याला काय करायचंय?"

"लाजत असेल," वहिनी म्हणाली.

"लाजत असेल! जो आवाज ऐकवत नाही, त्याच्या मनात काळंबेरं असतं. मी सांगते तुला."

"मग नको म्हणू या का?"

"छे. येऊ दे की. बंबवाले आहेत ना."

शनिवारी तो वेळेवर आला. चाळिशीचा, आडव्या बांध्याचा. पँटच्या गुडघ्यांना सिमेंट लागलेलं. आपली छोटी व्हॅन त्यानं फाटकाच्या अगदी आतच लावली, मान लववून दोघींना नमस्कार केला आणि तोंडातून अवाक्षर न काढता खुर्चीवर बसला. वन्संनी वहिनीला कोपरानं ढोसलं.

वहिनीनं त्याला अकॉर्डियन दिला. "डावीकडचं खालचं हे बटण जरा दमेकरी आहे बघा. सूर येतो, पण धापा टाकत. ते धरूनच किंमत सांगितली आहे." त्यानं मान डोलावली आणि पट्टे खांद्यावर चढवले. भाता जरासा उघडला. तेवढ्यात घंटा घणघणली.

पुढच्या अर्ध्या मिनिटात अंगणाचा नूरच पालटला. हातातले कप टाकून जवान धावले, बूट चढवले, बंबाचं इंजिन गुरगुरलं. आणि हा माणूसही ताडकन उठला. अकॉर्डियन छातीवर तसाच घेऊन तो आपल्या व्हॅनकडे पळत सुटला.

"पळाला!" वन्सं ओरडल्या. "वहिनी, पळाला मेला!"

साठीला टेकलेल्या वन्सं त्या दिवशी ज्या धावल्या, त्या शाळेतही धावल्या नसतील. एक चप्पल मागेच राहिली. व्हॅन फाटकाबाहेर पडली, तिच्या मागोमाग भोंगा वाजवत बंब निघून गेला आणि अंगण रिकामं झालं. दहातला एकही धट्टाकट्टा माणूस उरला नव्हता. वन्सं कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. वहिनीला वाद्य गेल्याचं दुःख होतंच, पण महिनाभर डोळे फोडून शिवलेला तो भाता तिच्या डोळ्यांसमोर येत होता.

आणि मग रस्त्याच्या वळणामागून आवाज आला. भँ. जरा थांबून पुन्हा, भँ.

तो माणूस चालत येत होता. भात्याचा पट्टा घाईत लावायचा राहिला होता, त्यामुळे पावलागणिक भाता उघडत-मिटत होता आणि अकॉर्डियन आपण होऊन सुस्कारे सोडत होता. जवळ येऊन तो थांबला. चेहरा लालबुंद झाला होता.

"गा...," तो म्हणाला. "गा... गा..."

वहिनीला राहवेना. ती 'गाडी' म्हणणार, तोच वन्संनी तिचा हात दाबला. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या, घाई नसलेल्या माणसासारख्या.

"गाडी... म... मध्ये होती. बं... बंबाच्या." त्यानं घाम पुसला. "का... काढायला नको?"

"काढायलाच हवी होती," वन्सं म्हणाल्या. "बसा."

तो बसला. मग सावकाश, जिथे अडेल तिथे थांबत, त्यानं सगळं सांगितलं. तो फरश्या बसवायचा. फोनवर शब्द अडला की समोरचा एकतर फोन ठेवतो, नाहीतर हसतो. लहानपणी मामाकडे अकॉर्डियन वाजवलेला, नंतर कधीच नाही. चुकलो तर लोकांनी ऐकू नये, म्हणून गर्दीचं विचारलं.

"आता तर कुणीच नाही," वहिनी म्हणाली. "वाजवा की."

त्यानं वाजवलं. बोटं आधी चाचपडली, दोनदा सूर चुकला, पण मग एक साधी, झुलती चाल त्याला सापडली आणि त्यानं ती सोडलीच नाही. दमेकरी बटणही त्यानं मुद्दाम दोनदा दाबलं आणि हसला.

त्यानं पैसे पाठवले. वन्सं म्हणाल्या, "तुमच्यावर अविश्वास नाही हं. पण मी बघणार."

"ब... बघाच," तो म्हणाला. "मी पण ब... बघतो."

पैसे आले होते. वहिनीनं पावतीवर दमेकरी बटणाचीही नोंद केली आणि तो पेटी उचलून गेला. जाताना त्याच्या व्हॅनचा भोंगा दोनदा वाजला.

"वन्सं, तुम्हाला बरं थांबता आलं," वहिनी म्हणाली. "माझ्या तर जिभेवर शब्द आला होता."

"लोकांना वाटतं ऑपरेटरचं काम म्हणजे बोलायचं. अगं, अर्धं काम थांबायचंच असतं." त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि तीस वर्षं हे करून मी त्याला चोर म्हटलं, बघ."

"पळाला मेला, म्हणालात."

"हो गं, म्हणाले! आता काय फलकावर लिहितेस?"

तासाभरानं जवान परतले. कचऱ्याच्या डब्याला आग लागली होती, बादलीभर पाण्यात विझली. प्रमुखानं विचारलं, "काय, झाला का सौदा?"

"झाला. पण माझी चप्पल कुठे दिसली का?"

चप्पल फाटकात सापडली. तिच्यावरून बंबाचं चाक गेलं होतं आणि ती पापुद्र्यासारखी सपाट झाली होती. वहिनी ती उचलून न्याहाळू लागली. "ही काही माझ्या सुईला दाद देणार नाही, वन्सं."

शेवटी प्रमुखानं गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट काढून दिले, वन्संच्या पायांच्या दीडपट. ते घालून फटाक्-फटाक् आवाज करत त्या भर बाजारातून ताठ मानेनं घरी निघाल्या. भाजीवाल्यानं वळून पाहिलं. वहिनी चार पावलं मागे होती, कारण हसून हसून तिला चालवत नव्हतं.